डावा खांदा, अर्धा इंच

९ जानेवारी

चि. वकीलबाई भाचीस,

पोटभर आशीर्वाद. आता दोघांना वाटून घ्यायचे आहेत, म्हणून जरा जास्तच पाठवतो.

तुझ्या आईने फोनवर रडून राईचा पर्वत केला असणार. म्हटलं, राई नेमकी किती होती ते आपणच लिहून कळवावं. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. डॉक्टरांनी तुला सातव्या महिन्यात पलंगाला खिळवलंय, तेव्हा वाच निवांत.

परवा मला पोलिसांनी धरलं. गुन्हा काय, तर पोलिसाचं सोंग घेतलं. छत्तीस वर्षं ज्यांच्या वर्द्या शिवल्या, त्यांनीच धरलं. हवालदार मला गाडीत बसवायला वाकला, तेव्हा मी म्हटलं, "जपून वाक रे, मागे कापड बेताचंच सोडलंय." तो बिचारा तसाच अर्धा वाकून राहिला.

झालं असं. ठाण्याच्या मोठ्या साहेबांचं आणि माझं माप एकच, तेही पोटासकट. त्यांची वर्दी झाली की मी ती आधी स्वतःच्या अंगावर चढवतो, दहा पावलं चालतो, बसतो, हात वर करतो. हँगरवर सगळेच कपडे शहाणे दिसतात, अंगावर आले की खरं बोलतात. मुख्य ठाण्याकडून मला वर्दी शिवायचा परवाना मिळाला तो या सवयीमुळेच.

तर सकाळचे अकरा. मी खांद्यावरच्या चांदण्यांसकट पूर्ण वर्दीत, आरशापुढे. समोरच्या इमारतीतून, दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "सही कर म्हातारे, नाहीतर उचलून गाडीत टाकीन." मशीन बंद होतं म्हणून अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ती खोली सुईणबाईंची. तुझ्या पाठीवर या जगातली पहिली चापट मारणारी बाई. इमारत गेल्या वर्षी नव्या मालकाने घेतली. बाकीचे गेले, ही एकटी उरली आहे.

मी होतो तसा रस्ता ओलांडला, जिना चढलो. आत पोलिसाच्या वर्दीतला एक माणूस, टेबलावर दांडा, बाईंच्या हातात पेन. सही होऊन गेली होती. "फेब्रुवारीअखेर खोली राजीखुशीने सोडते" असा कागद. मी दोनच शब्द बोललो, "वर्दी उतरव." त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं, डाव्या हाताने सलाम ठोकला, कागद उचलला आणि मागच्या जिन्याने चार चार पायऱ्या टाकत पसार.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस, मालकाचा व्यवस्थापक म्हणून, ठाण्यात हजर. म्हणे, मी साध्या कपड्यांत कागद घ्यायला गेलो होतो, बाई हसत सही करत होत्या, एवढ्यात समोरचा शिंपी अधिकारी बनून आला आणि मला अटकेची धमकी दिली. मला वर्दीत अख्ख्या गल्लीने पाहिलं. त्याला फक्त बाईंनी आणि मी. म्हणजे हिशेबाला खोटा पोलीस एकच उरला, तुझा मामा.

जामिनावर घरी आहे. साहेबांची वर्दी पुरावा म्हणून जप्त. साहेब जुन्या वर्दीत फिरतात आणि दुकानासमोर आले की आभाळ बघतात.

काळजी करू नकोस. पाय वर ठेवून झोप.

तुझा,
आरोपी मामा


१४ जानेवारी

ती. मामास,

उताणा का होईना, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी हसले, मग पोट धरलं, मग कायद्याचं पुस्तक मागवलं. आता तूही हसणं थांबव आणि ऐक.

तुझ्यावर दोन कलमं आहेत. पहिलं जड. पोलीस नसताना पोलीस असल्याचं भासवायचं आणि त्या जोरावर काही करायचं, कुणाला हुकूम सोडायचा. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. दुसरं हलकं. लोकांना तू पोलीस वाटावास या इराद्याने नुसता पोशाख घालायचा. त्याला तीन महिने किंवा दंड. तुझं वय एकसष्ट आहे मामा. तीन वर्षांत माझं मूल शाळेत जाईल.

सरकारी वकील तुला बोलावतील आणि म्हणतील, हलकं कलम कबूल करा, जड सोडून देतो, दंड भरा, घरी जा. ते म्हणाले की "हो" म्हण. एवढाच माझा सल्ला आहे, आणि तो फुकट आहे.

आता माझे प्रश्न. एक. तू जिना चढलास तेव्हा गळ्यात टेप होती का? तुझ्या गळ्यात ती नाही असं मी जन्मात पाहिलेलं नाही. असेल, तर दोन्ही कलमं लुळी पडतात. गळ्यात टेप अडकवलेला पोलीस कुणी पाहिलाय? दोन. तो माणूस खोटा आहे हे तुला कसं कळलं? खोलीत शिरल्या शिरल्या "वर्दी उतरव" म्हणालास. खरा असता तर? हे तू लिहिलंच नाहीस. तू जेवताना मीठ कमी पडलं तर दोन पानं लिहितोस.

सुईणबाईंना नमस्कार सांग.

तुझी भाची


२० जानेवारी

चि. वकीलबाई,

तुझे सरकारी वकील मला बोलावतील कशाला, तेच दुकानात आले. पँट कमरेत घट्ट होत होती. मी सैल करत होतो तेव्हा म्हणाले, "मास्तर, हलकं कलम कबूल करा, मोकळे व्हा." मी म्हटलं, "साहेब, दंड भरायला माझी ना नाही. पण त्या कबुलीत काय लिहिणार?" तर म्हणाले, "फिर्यादीत आहे तेच."

फिर्यादीत काय आहे? व्यवस्थापक साध्या कपड्यांत होता आणि बाई राजीखुशीने सही करत होत्या. मी त्याखाली सही केली की तो कागद सोन्याचा झाला. मग फेब्रुवारीअखेर बाईंची पेटी रस्त्यावर. त्या हातांनी या गल्लीतली निम्मी डोकी बाहेर काढली, आणि मी तिला एका सहीने बाहेर काढू? मी त्यांना म्हटलं, "पँट सैल करून देतो साहेब, जबाब नाही."

मी पायपुसणं नाही. बापाने मला एक कात्री दिली आणि डोळे मिटले. तिथून इथवर मी कुणापुढे वाकलो असेन तर फक्त पँटच्या खालच्या पट्टीचं माप घ्यायला.

तो खोटा हे कसं कळलं म्हणतेस? बूट. खऱ्या पोलिसाचे बूट टाचेवर वाजतात, याचे चवड्यावर वाजत होते. छत्तीस वर्षं ऐकतोय, माझे कान कुणी फसवू शकत नाही. टेपेचं काय, असेल कुठेतरी. मला आठवत नाही.

सुईणबाई विचारतात, पाय सुजतात का? सुजत असतील तर उशी दोन घे.

मामा


२५ जानेवारी

ती. मामास,

बूट!

मामा, तू खोलीत शिरलास तेव्हा तो टेबलापाशी उभा होता. उभ्या माणसाचे बूट चवड्यावरही वाजत नाहीत आणि टाचेवरही. हे मला पलंगावर पडून कळतं, तर न्यायाधीशबाईंना खुर्चीवर बसून कळणार नाही? आणि टेप कुठे होती ते तुला आठवत नाही? तुला गेल्या पंचवीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांच्या कमरा आठवतात.

तू काहीतरी लपवतोयस. मला वाटतं तुला गल्लीसमोर शूर व्हायचंय. कौतुक हा तुझा जुना आजार. तुझ्या शिलाईला कुणी "वा" म्हटलं की तू कापडही फुकट देशील. पण कोर्टात टाळ्या पडत नाहीत, तारखा पडतात. इकडे आई दोन दिवस जेवली नाही. रोज म्हणते, "माझ्या भावाला वेड लागलंय आणि माझी पोरगी त्याला पत्रं लिहितेय."

मला खरं लिही. नाहीतर यापुढे मला वकीलबाई म्हणू नकोस. नुसती भाची म्हण, आणि भाचीसारखं माझं ऐक.

उश्या तीन घेते. सांग त्यांना.


३१ जानेवारी

चि. भाचीस,

वकीलबाई म्हणायचा हक्क पत्राच्या शेवटी परत मागेन.

तू बरोबर पकडलंस. तुझा पहिला काळा कोट मी शिवला, तेव्हाच खिसे खोल ठेवले होते. त्यात माणसं सापडतील हे ठाऊक होतं. त्यात मीच सापडेन हे नव्हतं.

आधी टेप. टेप गळ्यात होती. रस्ता ओलांडला तेव्हा होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी ती काढली आणि खिशात घातली. शिंपी वर गेला तर तो हसेल, साहेब वर गेला तर पळेल, हे मला जिन्यातच कळलं. म्हणजे तुझ्या कलमातला तो इरादा मला होता. पहिल्या मजल्यापासून होता.

आता दुसरं. हे टाक्यासारखं उसवून लिहितोय.

खोलीत शिरलो तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. आणि ती पाठ माझी होती. म्हणजे शिलाई माझी. डाव्या खांद्यात मी आतून कॅनव्हासची एक पट्टी जास्त घातली होती, कारण त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. चेहरे मला आठवत नाहीत, खांदे आठवतात. नोव्हेंबरात आला होता. म्हणाला, नाटकात पोलिसाचं काम आहे, परवा पहिला प्रयोग, तुमच्या हातची वर्दी रंगमंचावर उठून दिसेल. परवान्याचा नियम असा की ओळखपत्र पाहायचं, त्याचा नंबर माप-वहीत लिहायचा, मगच कात्री लावायची. छत्तीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. "उठून दिसेल" या दोन शब्दांसाठी. तू म्हणतेस तो आजार.

खरंच उठून दिसली. बाईंच्या खोलीत.

माप-वहीत त्याचं पान आहे. छाती, कंबर, बाही, आणि समोर "डावा खांदा अर्धा इंच खाली". ओळखपत्राच्या रकान्यात मात्र नुसती कोरी जागा. हे पान कोर्टात काढलं तर तो अडकतो, पण माझा परवाना जातो आणि छत्तीस वर्षांच्या नावाला भोक पडतं. न काढलं तर बाईंची खोली जाते. म्हणून मी तुला बूट ऐकवत बसलो.

काल सुईणबाई दुकानात आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पायात बेडी नको. मी जाते माझ्या भाचीकडे. माझ्या हातांना कुठेही काम आहे." आणि जाता जाता माझ्या टेबलावरची सुई उचलून म्हातारीने पहिल्या झटक्यात ओवून दाखवली.

मी पान काढणार आहे. मला परवानगी नकोय, रस्ता सांग, वकीलबाई.

मामा


४ फेब्रुवारी

ती. मामास,

आधी हे. मी तुला टाळ्यांचा भुकेला समजले, चुकले. आणि तू मला बूट विकलेस, तूही चुकलास. फिटाफिट.

आता वकील म्हणून. टेप काढल्याचं बोललास तर हलकं कलम तुझ्या गळ्यात पडणार, त्यातून मी काय, कुणीच सोडवू शकत नाही. बोलू नकोस असं सांगणं माझं काम होतं. मी दोन रात्री ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. तू विचारल्यावर खोटं बोलणार नाहीस, आणि बोललास तर ते बूट निघतील.

फिर्यादीचं म्हणणं आहे की त्याने तुला त्या दिवसाआधी कधी पाहिलंच नाही. हे वाक्य त्याच्याकडून आधी वदवून घे, भर कोर्टात, दोनदा. मग वही काढ. मग मागणी कर की साक्षीदाराचं माप घ्यावं. आणि मामा, टेप तू धरायची नाहीस. आरोपीची टेप रबराची असते, असं ते म्हणतील. दुसरा शिंपी मागून घे. जितका तुझ्यावर जळणारा, तितका चांगला.

डॉक्टर येऊ देत नाहीत. नाहीतर तू शिवलेला कोट घालून तुझ्या शेजारी उभी राहिले असते. सध्या त्याची बटणं लागत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वकीलबाई


१९ फेब्रुवारी

चि. वकीलबाई,

काल निकाल लागला. घाईने शेवटच्या ओळीवर उडी मारू नकोस, नाहीतर माझी मेहनत वाया जाईल.

कारकुनाने विचारलं, "धंदा?" म्हटलं, "शिंपी." "वकील?" म्हटलं, "आहे, पण पलंगावर आहे." न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हसल्या नाहीत, पण चष्मा हलला.

व्यवस्थापक साक्षीला उभा राहिला. छान कोट, तयार घेतलेला, डाव्या बाजूने लोंबत होता. मी विचारलं, "त्या दिवसाआधी तुम्ही मला कधी पाहिलंत?" "कधीच नाही." "माझ्या दुकानात आलात?" "मी तयार कपडे घालतो. शिंप्याकडे जायची मला गरज नाही." तू म्हणालीस दोनदा, त्याने हौसेने तिसऱ्यांदाही सांगितलं.

मग मी वही काढली. पान मोठ्याने वाचलं. ओळखपत्राच्या रकान्यावर बोट ठेवलं. साक्षीदारांच्या बाकावर मोठे साहेब बसले होते. मी त्यांच्याकडे पाहूनच म्हटलं, "हा रकाना कोरा आहे. चूक माझी. मला कौतुक आवडतं."

न्यायाधीशबाईंनी माप घ्यायला परवानगी दिली. कोर्टासमोर वकिलांचे काळे कोट शिवणारा आहे ना, त्याला बोलावलं. तुझा पहिला कोट मी शिवला म्हणून तो सहा वर्षं माझ्याशी बोललेला नाही. आला, माझ्याकडे असं पाहिलं जसं कापडावर तेलाचा डाग पडलाय. सरकारी वकील म्हणाले, "एकाच धंद्यातले आहेत, संगनमत असेल." त्यावर हा काळ्या कोटवाला असा उखडला! म्हणाला, "साहेब, शिंपी तारीख खोटी सांगतो, माप खोटं सांगत नाही. आणि या माणसासाठी तर मी तारीखही खोटी सांगणार नाही."

कोट काढायला सांगितल्यावर व्यवस्थापक एक बटण काढायचा आणि सरकारी वकिलांकडे बघायचा. काळ्या कोटवाला एकेक आकडा ओरडून सांगत होता आणि न्यायाधीशबाई माझ्या वहीत बोट ठेवून पाहत होत्या. छाती जुळली. बाही जुळली. कंबर पाऊण इंच वाढली होती. मी म्हटलं, "बाईसाहेब, तीन महिने झालेत." मग तो पाठीमागे गेला, दोन्ही खांद्यांवर टेप ठेवली, थांबला, परत ठेवली. म्हणाला, "डावा खांदा. अर्धा इंच खाली." आणि मग, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "कॅनव्हास घातलास ना रे आत?"

व्यवस्थापक तिथेच बसला. न्यायाधीशबाईंनी त्याच्या घरी झडतीला माणसं पाठवली, जेवणाच्या सुट्टीनंतर वर्दी सापडल्याची चिठ्ठी आली. आता जड कलम त्याच्या अंगावर आहे, अगदी मापात बसतंय. मालक म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही. सुईणबाईंचा कागद न्यायाधीशबाईंनी धमकावून घेतलेला म्हणून बाजूला काढला. बाई कोर्टात एवढंच म्हणाल्या, "मग मी जाऊ? एकीला कळा सुरू झाल्यात." आणि गेल्या.

राहिलो मी. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "फिर्यादी पळाला तो धमकीने की स्वतःच्या पापाने, यात शंका आहे, म्हणून जड कलमातून मोकळे. पण पोशाखाचं काय? तुमच्या गळ्यात टेप असल्याचं एका साक्षीदाराने सांगितलंय."

बघ, दार उघडंच होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. काळ्या कोटवाला मानेने "हो, हो" करत होता.

मी म्हटलं, "रस्त्यात होती. जिन्यात मी काढून खिशात घातली. त्याला मी पोलीस वाटावा म्हणूनच काढली. आणि बाईसाहेब, उद्या परत तसा आवाज आला तर परत काढीन. फक्त वर्दी नसेल अंगावर, कारण परवाना तुम्ही ठेवणार नाही."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "हलक्या कलमाखाली दोषी. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत इथेच बसून राहायचं. परवाना रद्द." साहेबांनी मान खाली घातली. मी नाही घातली.

दुपारी अडीचपासून कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. आता आम्ही शिक्षा भोगलेले, जपून बोलत जा. हात मोकळे, आणि मला मोकळे हात सोसत नाहीत. कारकुनाच्या कोटाचं बटण धाग्यावर लटकत होतं. सुई माझ्या कॉलरच्या दुमडीत कायम असते. म्हटलं, "काढ इकडे." पाचला न्यायाधीशबाई उठल्या, शिपाई आला आणि म्हणाला, "चला मास्तर, शिक्षा संपली. उठा."

मी म्हटलं, "थांब. दोन टाके राहिलेत."

तो म्हणाला, "अहो, कोर्ट उठलं, आता इथे बसता येत नाही."

"तुझ्या कोर्टाने बसवलं तेव्हा बसलो," मी म्हटलं. "आता मी बसलोय." आणि दोन टाके घातले, गाठ मारली, दाताने धागा तोडला, मग उठलो.

मामा